‘रिक्वायर’ चालत होतं. रूट सर्टिफिकेट ठेवलं आणि तेही बंद पडलं (पोस्टग्रेस १६, सेल्फ-साइन्ड)

डेटादिंडी विचारतात:

उबंटू २४.०४, त्याच्या स्वतःच्या पॅकेजमधून आलेलं पोस्टग्रेस १६, ओपनएसएसएल ३.०. प्रॉडक्शनचा डेटाबेस लवकरच अंतर्गत सीएच्या (सर्टिफिकेटवर सही करणारी अथॉरिटी) सर्टिफिकेटवर आणि ‘व्हेरिफाय-फुल’वर (सही आणि सर्व्हरचं नाव दोन्ही तपासणारा मोड) जाणार आहे. त्याआधी टेस्ट सर्व्हरवर सगळे क्लायंट तपासून घ्यायचे आहेत: पायथनचं अ‍ॅप, जावाची एक सर्व्हिस आणि गो मधलं एक छोटं टूल. टेस्ट सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.५६.१०, नाव ‘डीबी-टेस्ट’.

आतापर्यंत केलं ते असं:

‘ओपनएसएसएल रेक’ला ‘एक्स५०९’, ‘नोड्स’ आणि ३६५ दिवस देऊन की आणि सर्टिफिकेट एकाच कमांडमध्ये बनवलं, सीएन (सर्टिफिकेटवरचं नाव) ‘डीबी-टेस्ट’. दोन्ही फाइली ‘सर्व्हर.सीआरटी’ आणि ‘सर्व्हर.की’ या नावांनी डेटा डिरेक्टरीत टाकल्या. कॉन्फिगमध्ये ‘एसएसएल’ आधीच ऑन होतं. रिस्टार्ट केलं, पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचा कमांड-लाइन क्लायंट) ‘एसएसएलमोड=रिक्वायर’नं लगेच जोडलं गेलं.

मग ‘व्हेरिफाय-फुल’ करून पाहिलं, तर रूट सर्टिफिकेटची फाइल सापडत नाही म्हणाला. म्हणून तेच ‘सर्व्हर.सीआरटी’ होममधल्या ‘.पोस्टग्रेसक्यूएल’ फोल्डरमध्ये ‘रूट.सीआरटी’ म्हणून ठेवलं. आता ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’. आणि दहा मिनिटांपूर्वी व्यवस्थित चालणारं ‘रिक्वायर’सुद्धा त्याच एररनं पडतंय! गो चं टूल ‘अननोन अथॉरिटी’ म्हणतं.

नेमकं काय चुकतंय? आणि टेस्टिंगसाठी एकच सेल्फ-साइन्ड पुरेसं आहे की स्वतःचा सीए काढावा?

---

कुलूपकिल्ली यांचं उत्तर:

दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्यात. आधी त्या सोडवू. (कमांडचे पर्याय उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये नेहमीच्या स्पेलिंगनं टाका.)

पहिली गोष्ट: तुमचा सर्व्हर तुम्ही बनवलेलं सर्टिफिकेट दाखवतच नाहीये. डेबियन आणि उबंटूच्या पॅकेजमध्ये पोस्टग्रेस बसवतानाच एसएसएल ऑन असतं आणि ‘एसएसएल_सर्ट_फाइल’ हा पर्याय ‘ईटीसी/एसएसएल/सर्ट्स’मधल्या ‘स्नेकऑइल’ नावाच्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवत असतो. ते ‘एसएसएल-सर्ट’ पॅकेजनं तुमच्याच मशिनवर बनवलेलं असतं. तुम्ही डेटा डिरेक्टरीत टाकलेल्या फाइलींकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही. ‘सर्व्हर.सीआरटी’ हे मूळ सोर्समधलं डिफॉल्ट नाव आहे. पॅकेजचं कॉन्फिग ते बदलतं. खात्री करायला पीएसक्यूएलमध्ये ‘शो एसएसएल_सर्ट_फाइल’ म्हणा. सर्व्हर प्रत्यक्षात काय दाखवतोय ते बाहेरून बघायचं असेल तर:

ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट १९२.१६८.५६.१०:५४३२ -स्टार्टटीएलएस पोस्टग्रेस -शोसर्ट्स

‘स्टार्टटीएलएस पोस्टग्रेस’ हवंच, कारण पोस्टग्रेसचं कनेक्शन आधी साधं उघडतं, क्लायंट ‘एसएसएल मिळेल का’ असं विचारतो, सर्व्हर होकार देतो आणि मग टीएलएस (एसएसएलचंच आजचं रूप) सुरू होतं. नुसता ‘एस_क्लायंट’ मारलात तर हँडशेक पडेल आणि तुम्ही भलतीकडेच दोष शोधत बसाल. हा पर्याय ओपनएसएसएल १.१.१ पासून आहे.

दुसरी गोष्ट: ‘रिक्वायर’ का बंद पडलं. ‘रिक्वायर’चा अर्थ ‘एन्क्रिप्शन हवं, समोर कोण आहे त्याच्याशी देणंघेणं नाही’. पण लिबपीक्यूमध्ये (पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी, पीएसक्यूएल तीच वापरतं) जुन्या आवृत्त्यांशी जुळवून घेण्यासाठी एक अपवाद ठेवलाय: रूट सर्टिफिकेटची फाइल ठरलेल्या जागी सापडली, तर ‘रिक्वायर’ गुपचूप ‘व्हेरिफाय-सीए’सारखं (सही तपासणारा, नाव न तपासणारा मोड) वागतं. म्हणजे तीच कनेक्शन स्ट्रिंग एका लॅपटॉपवर सर्टिफिकेट तपासते आणि शेजारच्या लॅपटॉपवर तपासत नाही. तुम्ही ‘रूट.सीआरटी’ ठेवलीत त्या क्षणी तपासणी सुरू झाली, समोर स्नेकऑइल आलं, जुळलं नाही. एरर अगदी योग्य आहे. उलट आधीचं चाललेलं ‘रिक्वायर’च काही सिद्ध करत नव्हतं.

याहून फसवा डिफॉल्ट आहे ‘प्रिफर’. सर्व्हरनं टीएलएस दिलं तर घेतो, नाही दिलं तर साध्या कनेक्शनवर मुकाट्यानं जातो. टेस्टमध्ये ‘एसएसएलमोड’ लिहायला विसरलात तर सर्व्हरचं एसएसएल बंद असूनही टेस्ट हिरवी दिसेल.

आता सेल्फ-साइन्ड की सीए. एकच सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट स्वतःचं रूट म्हणून वापरता येतं. कॉन्फिगमधला पाथ दुरुस्त केलात तर तुमचं आहे तेच पीएसक्यूएलला नावानं ‘व्हेरिफाय-फुल’ पास करेल. तरी मी टेस्टिंगलासुद्धा छोटा सीए काढायला सांगेन. प्रॉडक्शनमध्ये सीए आणि त्यानं सही केलेलं सर्टिफिकेट अशी साखळी येणार आहे. इथे साखळीच नसेल तर तुम्ही दुसरंच काहीतरी तपासताय. शिवाय ‘रेक -एक्स५०९’ डिफॉल्ट कॉन्फिगमधला ‘व्ही३_सीए’ विभाग लावतं, त्यामुळे तुमच्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर ‘सीए: ट्रू’ छापलं जातं. ओपनएसएसएलवरचे क्लायंट ते खपवून घेतात. रस्टमधली ‘रस्टएलएस’ लायब्ररी मात्र सीएचं सर्टिफिकेट सर्व्हर म्हणून पुढे आलं की सरळ नाकारते. आणि सर्टिफिकेट बदललं की प्रत्येक क्लायंटवर नवी फाइल न्यावी लागते. सीए असेल तर क्लायंटला हात लावावा लागत नाही.

सीए. वेगळं फोल्डर, ‘उमास्क ०७७’. ‘सीए.सीएनएफ’ नावाची छोटी कॉन्फिग फाइल स्वतः लिहा. त्यात ‘रेक’ विभागाखाली ‘प्रॉम्प्ट = नो’, डीएनच्या (सर्टिफिकेटवरच्या पूर्ण नावाच्या) विभागात फक्त सीएन, आणि एक्स्टेंशनच्या विभागात या तीन ओळी:

बेसिककन्स्ट्रेंट्स = क्रिटिकल, सीए:ट्रू, पाथलेन:०
कीयूसेज = क्रिटिकल, कीसर्टसाइन, सीआरएलसाइन
सब्जेक्टकीआयडेंटिफायर = हॅश

मग:

ओपनएसएसएल रेक -एक्स५०९ -न्यूकी आरएसए:२०४८ -नोएन्क -डेज ७३० -कॉन्फिग सीए.सीएनएफ -कीआउट सीए.की -आउट सीए.सीआरटी

‘नोड्स’चंच ३.० मधलं नवं नाव ‘नोएन्क’. जुनं अजून चालतं. फाइल न लिहिता ‘-अ‍ॅडएक्स्ट’नं हेच करायचा मोह होतो, पण डिफॉल्ट कॉन्फिगमध्ये ‘बेसिककन्स्ट्रेंट्स’ आधीच असतं आणि काही आवृत्त्यांत ते सर्टिफिकेटवर दोनदा उमटतं. दोनदा आलं की तपासणीत सर्टिफिकेटच बाद. स्वतःची फाइल बरी.

सीएचा सीएन सर्व्हरच्या सीएनपेक्षा वेगळा ठेवा. दोन्ही ‘डीबी-टेस्ट’ असतील तर सही करणारा आणि सहीवाला एकच दिसतात आणि ओपनएसएसएल सर्व्हरच्या सर्टिफिकेटला सेल्फ-साइन्ड समजून नाकारू शकतं. सीएनमध्ये तारीख घाला, ‘टेस्ट सीए २०२५-०६’ अशी. सीए पुन्हा काढलात तर कुठल्या मशिनवर जुना राहिलाय ते नावावरूनच कळतं.

सर्व्हर. आधी की आणि सीएसआर (सहीसाठीचा अर्ज):

ओपनएसएसएल रेक -न्यू -न्यूकी आरएसए:२०४८ -नोएन्क -कीआउट सर्व्हर.की -आउट सर्व्हर.सीएसआर -सब्ज "/सीएन=डीबी-टेस्ट"

‘सर्व्हर.ईएक्सटी’ फाइलमध्ये:

बेसिककन्स्ट्रेंट्स = सीए:फॉल्स
कीयूसेज = क्रिटिकल, डिजिटलसिग्नेचर, कीएन्सायफरमेंट
एक्स्टेंडेडकीयूसेज = सर्व्हरऑथ
सब्जेक्टकीआयडेंटिफायर = हॅश
ऑथॉरिटीकीआयडेंटिफायर = कीआयडी
सब्जेक्टऑल्टनेम = डीएनएस:डीबी-टेस्ट, डीएनएस:लोकलहोस्ट, आयपी:१९२.१६८.५६.१०, आयपी:१२७.०.०.१

आणि सही:

ओपनएसएसएल एक्स५०९ -रेक -इन सर्व्हर.सीएसआर -सीए सीए.सीआरटी -सीएकी सीए.की -सीएक्रिएटसिरियल -डेज ९० -एसएचए२५६ -एक्स्टफाइल सर्व्हर.ईएक्सटी -आउट सर्व्हर.सीआरटी

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात: सॅन (वरचं ‘सब्जेक्टऑल्टनेम’) सीएसआरमध्ये टाकतात, आणि ‘एक्स५०९ -रेक’ सही करताना सीएसआरमधली सगळी एक्स्टेंशन्स टाकून देतं. सर्टिफिकेट बनतं, एरर येत नाही, फक्त सॅन गायब. एकतर वरच्यासारखी ‘एक्स्टफाइल’ द्या किंवा ३.० पासून आलेलं ‘-कॉपी_एक्स्टेंशन्स कॉपी’ वापरा. तसंच ‘-डेज’ विसरलात तर मुदत फक्त ३० दिवसांची पडते, आणि महिन्याभरानं कुणी काही बदललेलं नसताना सीआय (आपोआप चालणाऱ्या टेस्ट) लाल होतं.

सर्व्हरवर नेण्याआधी तपासा:

ओपनएसएसएल व्हेरिफाय -सीएफाइल सीए.सीआरटी -व्हेरिफाय_होस्टनेम डीबी-टेस्ट सर्व्हर.सीआरटी

आयपीसाठी ‘-व्हेरिफाय_आयपी’. इथे ‘ओके’ आलं नाही तर पुढे जाऊच नका. लिबपीक्यू बऱ्याचदा नुसतं ‘व्हेरिफाय फेल्ड’ म्हणून गप्प बसतं, ही कमांड कारणाचा नंबर देते. नंबर लक्षात ठेवण्यासारखे आहेत: ९ म्हणजे मुदत अजून सुरू व्हायची आहे, १० म्हणजे मुदत संपली, १८ म्हणजे समोरचं सर्टिफिकेटच सेल्फ-साइन्ड आणि ओळखीचं नाही, १९ म्हणजे साखळीच्या टोकाला सेल्फ-साइन्ड रूट आहे पण तुमच्या यादीत नाही, २० म्हणजे सही करणारा सापडला नाही, ६२ म्हणजे नाव जुळत नाही, ६४ म्हणजे आयपी जुळत नाही. ‘एस_क्लायंट’च्या शेवटीही हाच नंबर छापून येतो. मात्र ‘एस_क्लायंट’ आपणहून नाव तपासत नाही, त्यालाही ‘-व्हेरिफाय_होस्टनेम’ द्यावं लागतं.

बसवणं. कीची मालकी ‘पोस्टग्रेस’ युजरकडे, परवानगी ०६००. मालक रूट असेल तर ०६४० चालते (स्नेकऑइलची की अशीच असते, ‘एसएसएल-सर्ट’ ग्रुपमुळे पोस्टग्रेसला वाचता येते). याहून सैल असेल तर सर्व्हर सुरूच होत नाही. कॉन्फिगमध्ये ‘एसएसएल_सर्ट_फाइल’ आणि ‘एसएसएल_की_फाइल’ला पूर्ण पाथ द्या. सापेक्ष पाथ डेटा डिरेक्टरीपासून मोजला जातो, आणि उबंटूवर कॉन्फिग फाइल ‘ईटीसी’मध्ये व डेटा ‘व्हार/लिब’मध्ये असल्यानं गल्लत हमखास. एकच पर्याय दोन ओळींत असेल तर शेवटची ओळ जिंकते.

पोस्टग्रेस १० पासून रीस्टार्ट लागत नाही, ‘पीजी_रीलोड_कॉन्फ’ पुरतं. पण यातही एक खोच आहे. स्टार्टअपला चुकीची फाइल मिळाली तर सर्व्हर उठत नाही, म्हणजे निदान कळतं तरी. रीलोडला चुकीची मिळाली तर तो लॉगमध्ये एक ओळ लिहितो आणि जुनंच सर्टिफिकेट वापरत राहतो. ‘रीलोड’ला ‘ट्रू’ आलं म्हणजे नवं सर्टिफिकेट लागलं असं नाही. लॉग बघा, नाहीतर ‘एस_क्लायंट’ पुन्हा चालवा.

क्लायंटवरच्या ‘रूट.सीआरटी’त आता ‘सीए.सीआरटी’ ठेवा, सर्व्हरचं नाही. खरं तर होममध्ये काहीच न ठेवता कनेक्शन स्ट्रिंगमध्ये ‘एसएसएलरूटसर्ट’चा पाथ देणं मला जास्त पटतं. वरचा ‘रिक्वायर’चा चकवा तेवढाच टळतो.

---

पाटावरवंटा यांचं उत्तर:

वरच्या उत्तरात भर, डॉकरपुरती.

अधिकृत पोस्टग्रेस इमेजमध्ये ‘पोस्टग्रेस’ युजरचा यूआयडी डेबियनवर ९९९ आणि अल्पाइनवर ७० असतो. होस्टवर तुमचा यूआयडी बहुधा १०००. की बाहेरून माउंट केली की आत ती १००० च्या मालकीची दिसते आणि सर्व्हर म्हणतो, की डेटाबेस युजरच्या किंवा रूटच्या मालकीची हवी. ‘चमॉड ६००’ कितीही वेळा मारा, उपयोग नाही, मालक चुकलाय. होस्टवर ‘सुडो चाउन ९९९’ करा (अल्पाइन असेल तर ७०), किंवा डॉकरफाइलमध्ये ‘कॉपी’ला ‘--चाउन=पोस्टग्रेस:पोस्टग्रेस --चमॉड=६००’ देऊन इमेजमध्येच टाका. टेस्टची की इमेजमध्ये गेली तर बिघडत नाही. सीएची की मात्र चुकूनही जाऊ देऊ नका.

विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये ‘एमएनटी/सी’खाली की ठेवलीत तर डिफॉल्ट माउंटमध्ये सगळ्या फाइली ७७७ दिसतात आणि ‘चमॉड’चा परिणामच होत नाही. की लिनक्सच्या होममध्ये हलवा. आणि गिट बॅशमधून ‘-सब्ज "/सीएन=..."’ दिलंत तर ते तिरप्या रेघेनं सुरू होतं म्हणून गिट बॅश त्याला पाथ समजून पुढे ‘प्रोग्रॅम फाइल्स/गिट’ चिकटवतं. सुरुवातीला दोन तिरप्या रेघा द्या.

डॉकर कंपोजमध्ये इतर कंटेनर डेटाबेसला सर्व्हिसच्या नावानं हाक मारतात, ‘डीबी’ किंवा जे काही असेल ते, आणि होस्टवरचं अ‍ॅप ‘लोकलहोस्ट’ म्हणतं. दोन्ही सॅनमध्ये हवीत. सॅनमध्ये पोर्ट लिहायचा नसतो, ५४३३ वर मॅप केलंय म्हणून काही फरक पडत नाही.

आणि ‘इनिटडीबी.डी’ फोल्डरमधली स्क्रिप्ट डेटा व्हॉल्यूम रिकामं असतानाच चालते. पीजी_एचबीएमध्ये (कुणाला कसं जोडू द्यायचं ते ठरवणारी फाइल) ‘होस्टएसएसएल’ (फक्त एन्क्रिप्टेड कनेक्शनला लागू होणारी ओळ) टाकणारी स्क्रिप्ट नंतर बदललीत आणि कंटेनर नुसता रीस्टार्ट केलात तर काहीच होणार नाही. ‘डाउन -व्ही’ करून व्हॉल्यूम उडवा.

---

खडूफळा यांचं उत्तर:

तीन भाषा आहेत तर प्रत्येकीचा तिढा वेगळा.

पायथन: सायकोपीजी हे लिबपीक्यूवरच उभं आहे, त्यामुळे पीएसक्यूएलमध्ये जे चालतं ते तिथे चालतं. असिंकपीजी मात्र पायथनचं स्वतःचं एसएसएल मॉड्यूल वापरतं. पायथन ३.१३ पासून ‘क्रिएट_डिफॉल्ट_कॉन्टेक्स्ट’मध्ये कडक तपासणी डिफॉल्टनं सुरू आहे: सीएवर ‘बेसिककन्स्ट्रेंट्स’ क्रिटिकल हवं, ‘कीयूसेज’ हवं, सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर ‘ऑथॉरिटीकीआयडेंटिफायर’ हवं. कुलूपकिल्लींनी दिलेल्या फाइलींत हे सगळं आहे, म्हणून त्यातल्या ओळी ‘नको असतील’ म्हणून गाळू नका. ३.१२ वर चालणारं जुनं टेस्ट सर्टिफिकेट ३.१३ वर पडलं तर बहुतेक वेळा यातलंच काहीतरी नसतं.

जावा: ड्रायव्हर ४२.२.५ पासून नुसतं ‘एसएसएल=ट्रू’ लिहिलं तरी अर्थ ‘व्हेरिफाय-फुल’ होतो. ‘एसएसएलरूटसर्ट’ला साधी पेम (मजकूर स्वरूपातली) फाइल चालते, कीटूल आणि ट्रस्टस्टोअरच्या वाटेला जायची गरज नाही. क्लायंट सर्टिफिकेट वापरणार असाल तर पेममधली की ड्रायव्हरच्या सगळ्या आवृत्त्यांत चालत नाही, पीकेसीएस८ डीईआर (बायनरी) करून दिलेली चालते:

ओपनएसएसएल पीकेसीएस८ -टॉपके८ -इन क्लायंट.की -आउटफॉर्म डीईआर -आउट क्लायंट.पीके८ -नोक्रिप्ट

नेटवर जागोजागी ‘नॉनव्हॅलिडेटिंगफॅक्टरी’ लावा म्हणून सल्ला मिळतो. त्यानं एरर जातो, कारण तपासणीच जाते. तुमचा हेतूच तपासणीचा आहे. नोडमधलं ‘रिजेक्टअनऑथराइज्ड: फॉल्स’ हे त्याचंच भावंड.

गो: १.१५ पासून सीएनकडे दुर्लक्ष होतं आणि १.१७ मध्ये जुनं वागणं परत आणायची सोयही काढून टाकली. सॅन नसेल तर ‘लेगसी कॉमन नेम’ असा एरर येतो. तुम्हाला आत्ता ‘अननोन अथॉरिटी’ दिसतंय ते स्नेकऑइलमुळे. ते सुटल्यावर आधीच्या सेल्फ-साइन्डला गो नं हे कारण दिलं असतं. आयपीनं जोडत असाल तर सॅनमध्ये ‘आयपी:’ म्हणूनच हवा. ‘डीएनएस:१९२.१६८.५६.१०’ असं लिहिलेलं लिबपीक्यू चालवून घेतं, गो घेत नाही. ‘आयपी:’ प्रकारचा सॅन लिबपीक्यूला पोस्टग्रेस १५ पासून कळतो, म्हणून जुन्या क्लायंटसाठी लोक तो ‘डीएनएस:’मध्ये लिहायचे, त्या काळातल्या स्क्रिप्ट अजून फिरताहेत.

आणखी एक. आधुनिक म्हणून ईडी२५५१९ ची की घेऊ नका. स्क्रॅम (पोस्टग्रेसची पासवर्ड पद्धत) लॉगिनमध्ये चॅनल बाइंडिंगसाठी (लॉगिन त्याच टीएलएस कनेक्शनला बांधण्यासाठी) सर्टिफिकेटच्या सहीतला हॅश लागतो आणि ईडी२५५१९ मध्ये तसा वेगळा हॅश नसतो, तिथे गाडी अडते. आरएसए २०४८ किंवा पी-२५६ घ्या.

---

डेटादिंडी:

स्नेकऑइलच होतं! ‘शो’ केल्यावर पाथ समोर आला. नवा सीए, नवं सर्टिफिकेट, तिन्ही क्लायंट ‘व्हेरिफाय-फुल’वर जोडले जाताहेत. सर्वांचे आभार.

दोन शंका राहिल्या. सर्व्हरवरच नुसतं ‘पीएसक्यूएल’ चालवलं की ‘कॉनइन्फो’मध्ये एसएसएलचा उल्लेखच येत नाही, ते का? आणि ‘होस्टएसएसएल’ची ओळ टाकूनही ‘एसएसएलमोड=डिसेबल’नं लॉगिन होतंय.

---

कुलूपकिल्ली:

पहिलं: होस्ट न देता पीएसक्यूएल युनिक्स सॉकेटवरून जातं, आणि सॉकेटवर टीएलएस कधीच नसतं, ‘एसएसएलमोड’ तिथे दुर्लक्षित होतो. ‘-एच लोकलहोस्ट’ द्या, मग प्रोटोकॉल आणि सायफर दिसेल. सर्व्हरच्या बाजूनं सगळी कनेक्शन्स एकदम बघायची तर ‘पीजी_स्टॅट_एसएसएल’ हा व्ह्यू ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’शी पीआयडीवर जोडा. टेस्ट चालू असताना अ‍ॅपची ओळ तिथे ‘ट्रू’ दिसायला हवी.

दुसरं: पीजी_एचबीए वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ लागते. ‘होस्ट’ हा शब्द एन्क्रिप्टेड आणि साधं दोन्हींना जुळतो. तुमची ‘होस्टएसएसएल’ ओळ साध्या कनेक्शनला जुळली नाही, म्हणून ते कनेक्शन खाली सरकलं आणि जुन्या ‘होस्ट’ ओळीत शिरलं. त्या ओळीचं ‘होस्टएसएसएल’ करा, किंवा वर ‘होस्टनोएसएसएल ऑल ऑल ऑल रिजेक्ट’ टाका. ‘पीजी_एचबीए_फाइल_रूल्स’ व्ह्यूमध्ये फाइलीतल्या ओळी क्रमानं दिसतात, एखादी चुकली असेल तर तिचा एररही दिसतो.

आता सगळं जोडलं जातंय म्हणताय, तर जे जोडलं जाता कामा नये ते पडतंय का तेही बघा. प्रत्येक क्लायंटवर किमान एवढं:

चुकीचं नाव. यासाठी वेगळं सर्टिफिकेट लागत नाही. लिबपीक्यूत ‘होस्ट’ आणि ‘होस्टअ‍ॅडर’ दोन्ही देता येतात: जोडणी ‘होस्टअ‍ॅडर’मधल्या आयपीला होते आणि सर्टिफिकेट ‘होस्ट’मधल्या नावाशी ताडलं जातं. ‘होस्ट=भलतंच.टेस्ट होस्टअ‍ॅडर=१९२.१६८.५६.१०’ असं द्या. ‘व्हेरिफाय-सीए’ पास व्हायला हवं, ‘व्हेरिफाय-फुल’ पडायला हवं. दोन्ही पास झाले तर तुमच्या ‘फुल’चं कुठेतरी ‘सीए’ झालंय. (‘.टेस्ट’ हे टोक २००० च्या आधीपासून चाचणीसाठी राखून ठेवलेलं आहे, खऱ्या इंटरनेटवर कुणाला मिळत नाही, ‘.डेव्ह’ मात्र खरं आहे, ते वापरू नका.)

परका सीए. त्याच सीएननं दुसरा सीए काढा, त्याची फाइल ‘एसएसएलरूटसर्ट’ला द्या. पडायलाच हवं.

एसएसएल बंद असलेला सर्व्हर. ‘रिक्वायर’ आणि त्यावरचे सगळे पडायला हवेत. एखादा क्लायंट निवांत जोडला गेला तर त्याच्या स्ट्रिंगमध्ये ‘प्रिफर’ उरलंय किंवा कुणीतरी पर्यायाचं स्पेलिंग चुकवलंय.

मुदत संपलेलं. ओपनएसएसएल ३.४ मध्ये ‘-नॉट_बिफोर’ आणि ‘-नॉट_आफ्टर’ आलेत. तुमच्या ३.० मध्ये ते नाहीत, तिथे ‘ओपनएसएसएल सीए’ला ‘-स्टार्टडेट’ आणि ‘-एंडडेट’ देऊन मागची तारीख टाका. किंवा सर्टिफिकेट तसंच ठेवून क्लायंट ‘फेकटाइम’खाली (प्रोग्रॅमला खोटी तारीख दाखवणारं टूल) चालवा, तारीख १०० दिवस पुढची. मुदत ग्रीनिच वेळेत छापलेली असते हे ध्यानात ठेवा: रात्री १२ ला संपणारं सर्टिफिकेट आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत चालतं.

---

वडपिंपळ:

कुणी मायएसक्यूएलसाठी हा धागा शोधत आलं तर: तिथे ५.७ पासून सर्व्हर पहिल्या स्टार्टला डेटा डिरेक्टरीत ‘सीए.पेम’, ‘सर्व्हर-सर्ट.पेम’ वगैरे आपणहून बनवतो. ‘व्हेरिफाय_सीए’साठी ते पुरतं, ‘व्हेरिफाय_आयडेंटिटी’साठी नाही, कारण सीएनमध्ये होस्टचं नाव नसून ‘ऑटो जनरेटेड सर्व्हर सर्टिफिकेट’ छापाचं काहीतरी असतं. वरच्याच पद्धतीनं काढलेलं सर्टिफिकेट चालतं. ८.०.१६ पासून ‘ऑल्टर इन्स्टन्स रीलोड टीएलएस’नं रीस्टार्टशिवाय लागतं. साधी कनेक्शन्स बंद करायला ‘रिक्वायर_सिक्युअर_ट्रान्सपोर्ट’. जुन्या लेखांत सांगितलेलं ‘मायएसक्यूएल_एसएसएल_आरएसए_सेटअप’ ८.४ मध्ये काढून टाकलंय, शोधत बसू नका.

---

डेटादिंडी:

चुकीच्या नावाची टेस्ट पीएसक्यूएल आणि गो वर बरोबर पडली. जावा सर्व्हिस मात्र बिनदिक्कत जोडली गेली! ‘होस्टअ‍ॅडर’ जावात नाही म्हणून ‘ईटीसी/होस्ट्स’मध्ये ‘भलतंच.टेस्ट’ टाकून पाहिलं होतं.

---

खडूफळा:

स्ट्रिंगमध्ये ‘एसएसएलफॅक्टरी’ किंवा ‘एसएसएलमोड’ दुसरीकडून येतंय का बघा. कनेक्शन पूलच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये जुनं ‘नॉनव्हॅलिडेटिंगफॅक्टरी’ राहिलेलं असतं आणि यूआरएलमध्ये शोधून ते सापडत नाही.

---

डेटादिंडी:

सापडलं. फक्त टेस्टच्या प्रोफाइलमध्ये असेल असं वाटलं होतं, पण सामाईक फाइलमध्ये आहे, म्हणजे प्रॉडक्शनलाही तेच जाणार होतं. काढलं. आता जावाही नाव जुळत नाही म्हणून पडतंय.